गच्चीवर जमलेलं ॲक्वापोनिक्स धंद्यात उतरलं की का अडखळतं?

शेतीचे रील्स बघत असाल तर हा व्हिडिओ तुमच्यासमोर एकदा तरी आला असेल. निळी प्लास्टिकची टाकी, त्यात मासे, आणि वर पाइपांमध्ये हिरवागार पालक नाहीतर लेट्यूस. माती नको, खत नको, पाणी अगदी थोडं, आणि भाजीबरोबर मासे बोनस. शेवटी एक फोन नंबर आणि दोन दिवसांच्या ट्रेनिंगची फी.

व्हिडिओतली टाकी खरी असते, त्यातली भाजीही खरी असते. अडचण पुढच्या वाक्यात आहे. "एका टाकीत एवढं निघतं, मग शंभर टाक्यांत शंभर पट निघेल."

महाराष्ट्रात हा विषय आत्ता बोलायचं कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. शेतीच्या दराने वीज, पीककर्जासारखी कर्जं, विमा अशा सवलती त्यातून मिळतील असं सांगितलं गेलं. त्याआधी २०२० पासून केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून टाकीतल्या मत्स्यपालनाला अनुदान सुरूच आहे. म्हणजे घरचे दोन-पाच लाख आणि वर बँकेचं कर्ज घालून यात उतरायचा विचार करणारी मंडळी वाढणार. तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं गणित मोठं केल्यावर नेमकं कुठे बिघडतं, ते बघू.

आधी चक्र समजून घेऊ

मासे खातात आणि त्यांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून पाण्यात अमोनिया जातो. तो साठला तर मासे मरतात. पण पाण्यात, खडीवर, पाइपांच्या आतल्या बाजूला काही जिवाणू राहतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे नायट्रेट म्हणजे झाडांचं खाणं. झाडं ते उचलतात आणि पाणी परत माशांकडे जातं. मत्स्यपालन आणि मातीविना शेती यांना जिवाणूंनी बांधलेली ही गाठ आहे. नवीन टाकीत हे जिवाणू बसायला तीन ते सहा आठवडे लागतात आणि त्या काळात घाई करून भरपूर मासे सोडले की पहिली बॅच हमखास जाते.

आता "खत नको" हे किती खरं? नायट्रोजन बऱ्यापैकी मिळतो, पण माशांच्या खाद्यात पोटॅश कमी असतं, कारण माशांना त्याची फारशी गरज नसते. लोह आणि कॅल्शियमही कमी पडतं. ते बाहेरून घालावंच लागतं. शिवाय पाण्याच्या आम्लतेचं भांडण आहे. जिवाणूंना सामू सातच्या वर आवडतो, झाडांना साडेपाच ते साडेसहा. मग पावणेसात-सातवर तडजोड करायची. मावा पडला म्हणून औषध मारता येत नाही, कारण तेच पाणी माशांकडे जातं. कडुनिंबाचा अर्कसुद्धा जपून वापरावा लागतो. उलट माशांना रोग झाला तर त्यांच्या पाण्यात औषध घालता येत नाही, कारण ते भाजीत आणि जिवाणूंत जाणार.

गच्चीवर हे सगळं खपून जातं. दहा झाडं पिवळी पडली तर आपण उपटून टाकतो. कुणाची ऑर्डर अडत नाही.

एका टाकीतून किती निघतं?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या ॲक्वापोनिक्सवर एक सविस्तर मार्गदर्शिका काढली. जगभरातले हौशी लोक आजही तीच वापरतात. त्यातले आकडे घेऊन साधं गणित करू.

१००० लिटरच्या टाकीत सुरक्षितपणे साधारण २० किलो मासे ठेवता येतात. रोज वजनाच्या एक टक्का खाद्य धरलं तर २०० ग्रॅम. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्याचं पोषण लागतं. म्हणजे ही टाकी चार चौरस मीटर भाजी पोसते. लेट्यूसचे २० ते २५ गड्डे एका चौरस मीटरवर बसतात, तेव्हा महिन्याला ८० ते १०० गड्डे. एक गड्डा दीडशे ग्रॅमचा धरला तर १२ ते १५ किलो. घरात खाऊन शेजारी वाटायला भरपूर.

आता एकाच हॉटेलला रोज ५ किलो लेट्यूस द्यायचं ठरवा. महिन्याला १५० किलो. लागणारी जागा ४० चौरस मीटर, रोजचं खाद्य २ किलो, टाकीत सतत २०० किलो मासे. खाद्य महिन्याला ६० किलो झालं. तिलापियाला एक किलो वाढायला साधारण पावणेदोन किलो खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला जेमतेम ३५ किलो मासे निघणार.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. १५० किलो भाजी आणि ३५ किलो मासे. रीलमध्ये मासे पुढे दिसतात, पण धंदा भाजीचा आहे. आणि हे ३५ किलो मासे फार अडनिडे आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायला जास्त, आणि व्यापाऱ्याने गाडी पाठवावी एवढे नाहीत.

मोठ्या प्रमाणावर कुणी करून दाखवलंय का?

हो. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर, युनिव्हर्सिटी ऑफ द व्हर्जिन आयलंड्समध्ये जेम्स रॅकोसी यांनी अनेक वर्षं यावर काम केलं. त्यांची पद्धत आजही व्यावसायिक ॲक्वापोनिक्सचा पाया मानली जाते. ७८०० लिटरच्या चार माशांच्या टाक्या, भाजीसाठी २१४ चौरस मीटरचे हौद, वर तरंगणाऱ्या शीटवर रोपं. वर्षाला चार-पाच टन तिलापिया आणि जवळपास तेवढीच तुळस. आपली नाही, पिझ्झा-पास्तावर घालतात ती बेसिल. रोज फक्त दीड टक्क्याच्या आसपास पाणी बदलावं लागायचं. पाणी वाचतं हा दावा पोकळ नाही.

पण बेट लक्षात घ्या. गोडं पाणी कमी, ताजी पालेभाजी बऱ्याच अंशी बाहेरून जहाजाने-विमानाने येणार, वर्षभर उबदार हवा आणि हॉटेलांत पर्यटक. अशा ठिकाणी ताज्या बेसिलला जो भाव मिळतो, तो नारायणगावच्या बाजाराशेजारी मिळेल का? आपल्याकडे आवक वाढली की मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या शेतकरी बाजारातच टाकून निघून जातात. पंप, टाकी, शेडनेट आणि खाद्याचा खर्च चढवलेल्या पाण्यात मेथी लावून त्या भावाशी कोण झुंजणार? म्हणून मग लेट्यूस, बेसिल, पाक चॉय. आणि त्यांचं गिऱ्हाईक मुंबई, पुणे, गोवा आणि फार तर आणखी चार-दोन शहरांत.

त्यात हवामानाची कुरकुर. तिलापियाला २७ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. लेट्यूस १५ ते २२ अंशांत खूष असतं, त्यावर गरम झालं की तुरा येतो आणि पान कडू होतं. एकाच पाण्यात दोघांना ठेवायचंय. महाबळेश्वरला माशांना थंडी वाजेल आणि चंद्रपूरला मे महिन्यात लेट्यूसचं काय होईल ते सांगायला नको. बेसिलचं त्यातल्या त्यात बरं, तिला ऊब चालते.

मासा कोणता आणि घेणार कोण?

जगभर या पद्धतीत सगळ्यात जास्त वापरला जातो तिलापिया. काटक, काहीही खाणारा, गर्दीत राहणारा. परदेशी व्हिडिओंत त्याचे पांढरे फिले बघून हा कुणी मोठा मासा वाटतो. आपल्याकडे उजनीच्या काठावर त्याचं नाव चिलापी. भिगवणच्या बाजारात हा मासा धरणातून जाळ्याने पकडून येतो. त्याला खाद्याचा खर्च नाही, पंपाचं बिल नाही. पावणेदोन किलो विकतचं खाद्य घालून वाढवलेला किलोभर तिलापिया त्याच्या शेजारी मांडायचाय, हे टाकी बांधायच्या आधी लक्षात घेतलेलं बरं.

कोकणात आणि गोव्यात अडचण वेगळी. तिथे गिऱ्हाइकाला पापलेट, सुरमई, बांगडा हवा. गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडणारी घरं आजही भरपूर आहेत.

परवानगीचा विषय रील्समध्ये कधीच येत नाही. तिलापिया परदेशी मासा आहे, बाहेर निसटला तर स्थानिक माशांवर उठतो. त्यामुळे त्याच्या पालनासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. बोटुकलीही मान्यताप्राप्त ठिकाणाहूनच घ्यायची. "काही होत नाही, हे टाका, झटपट वाढतो" म्हणत कुणी मांगूर देऊ केला तर तो कोणता आहे ते नीट बघा. थाई किंवा आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदी आहे आणि महाराष्ट्रात त्याची तळी नष्ट करण्याच्या कारवाया झाल्यात.

लाईट गेली तर?

मला विचाराल तर सगळा विषय इथे येऊन थांबतो.

घरच्या टाकीत मासे विरळ असतात. दोन तास लाईट गेली तर ते वर येऊन तोंडं उघडतात आणि बहुतेक वेळा वाचतात. धंद्यासाठी मासे दाट ठेवावे लागतात, नाहीतर टाकीचा खर्च निघत नाही. दाट टाकीत हवा बंद झाली की अर्ध्या-एक तासात मासे मरायला लागतात. मासे गेले की दोन-तीन आठवड्यांत भाजी पिवळी. परत बोटुकली आणून चक्र बसवायला काही महिने. अर्ध्या तासाच्या चुकीने अर्धं वर्ष जातं.

एक हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट. चोवीस तास चालला तर दिवसाला १८ युनिट, महिन्याला ५४० युनिट. हा फक्त पाणी फिरवणारा पंप. हवा सोडणारा ब्लोअर वेगळा, दोन्हींचा एकेक जादा संच वेगळा, आणि जनरेटरचं डिझेल वेगळं. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करून बघा.

इथे शेतीच्या दराची वीज मदतीला येईल असं वाटतं. दर कमी झाला तर फायदा आहेच. पण शेतीपंपांची लाईन राज्यात वर्षानुवर्षं दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास अशी पाळीने येत आली आहे. ऊस आठ तास पाण्यावर जगतो, मासे आठ तास हवेवर जगत नाहीत. त्यामुळे स्वस्त दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की कनेक्शन कोणत्या फीडरवर बसणार? मंत्रिमंडळाच्या निर्णयाची बातमी वाचून खूष झालेल्यांनी महावितरणच्या स्थानिक ऑफिसात जाऊन आधी हे विचारावं. दिवसाची सौर वीज अर्धा प्रश्न सोडवते, उरलेल्या अर्ध्यासाठी बॅटरी लागते आणि ती महाग आहे.

अनुदानाचंही असंच आहे. मत्स्यसंपदा योजनेत पाणी फिरवून वापरणाऱ्या मोठ्या मत्स्यपालन युनिटचा खर्च ५० लाख धरलाय, ९० घनमीटरच्या आठ टाक्यांसाठी. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. म्हणजे सर्वसाधारण गटातल्या माणसाला स्वतःचे ३० लाख उभे करावे लागतात. अनुदान टाकी बांधायला मदत करतं. दर महिन्याचं बिल, खाद्य आणि पगार त्यात नाहीत.

परदेशात तरी चाललंय का?

काही गाजलेली उदाहरणं बघू. नेदरलँड्सच्या हेग शहरात २०१६ मध्ये एका जुन्या फिलिप्स इमारतीच्या छतावर 'अर्बन फार्मर्स' या स्विस कंपनीने युरोपातलं एक मोठं छतावरचं ॲक्वापोनिक्स उभं केलं. खालच्या मजल्यावर तिलापिया, वर भाजी. जगभरच्या माध्यमांनी कौतुक केलं. २०१८ मध्ये दिवाळं. हेगच्या अगदी शेजारी वेस्टलंड आहे, काचेच्या हरितगृहांचा जगातला एक मोठा पट्टा. तिथले शेतकरी टोमॅटो-मिरची ज्या खर्चात काढतात, त्याच्याशी एका छताने स्पर्धा करायची होती.

अमेरिकेत मिल्वॉकीचे विल ॲलन हे शहरी शेतीतलं सगळ्यात मोठं नाव. आधी बास्केटबॉलपटू, मग शेतकरी. त्यांच्या 'ग्रोइंग पॉवर' संस्थेतल्या तिलापियाच्या टाक्या आणि वरची भाजी बघायला हजारो लोक यायचे. २००८ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. २०१७ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली ती संस्था बंद झाली.

टिकलेल्यांचं काय? बर्लिनच्या 'ईसीएफ' फार्मने २०१५ मध्ये १८०० चौरस मीटरवर सुरुवात केली तेव्हा कितीतरी प्रकारच्या भाज्या होत्या. मग त्यांनी बाकी सगळं सोडून कुंडीतली बेसिल पकडली आणि ती एका मोठ्या सुपरमार्केट साखळीला द्यायला लागले. माशाचंही नाव बदललं. तिलापिया म्हणून न विकता 'राजधानीचा मासा' अशा अर्थाच्या जर्मन नावाने विकला. एक पीक, एक ठरलेला मोठा गिऱ्हाईक, आणि माशाला गावाचं नाव.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमध्ये 'सुपिरियर फ्रेश' ही कंपनी २०१७ पासून ॲटलांटिक सॅल्मन आणि सॅलडची पानं एकत्र काढते. प्रकल्प एकरांमध्ये मोजावा एवढा मोठा. पण तिथे मासा महागडा सॅल्मन आहे, आणि मागे भांडवल फर्निचर उद्योगातल्या एका अतिश्रीमंत कुटुंबाचं आहे. शिवाय असे मोठे प्रकल्प माशांचं आणि भाजीचं पाणी बऱ्याचदा वेगळं ठेवतात. माशांचं पाणी भाजीकडे जातं, पण गरज नसेल तर परत येत नाही. मग दोघांना आपापला सामू आणि आपापलं तापमान देता येतं. गच्चीवरच्या त्या सुंदर गोल चक्राला मोठं करताना पहिल्यांदा तोडावं लागतं, ही यातली गंमत.

मग पैसे कोण कमावतं?

यावरचा सगळ्यात उपयोगी अभ्यास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. २०१३ मध्ये त्यांनी ॲक्वापोनिक्समधून काहीतरी विकणाऱ्या २५७ जणांची माहिती गोळा केली, २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. आधीच्या बारा महिन्यांत नफ्यात होते एक तृतीयांशापेक्षाही कमी. बहुतेक जण अमेरिकेतले आणि माहिती त्यांनी स्वतःच दिलेली, आणि आता दहा-बारा वर्षं उलटलीत. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. नफा होण्याचा संबंध ज्या गोष्टींशी दिसला त्यात अनुभव होता, उबदार हवामान होतं, हेच मुख्य उत्पन्न असणं होतं. आणि आणखी एक, मासे-भाजीशिवाय दुसरं काहीतरी विकणं. म्हणजे साहित्य, सल्ला, कार्यशाळा, पर्यटकांच्या भेटी.

आता त्या रीलच्या शेवटचा फोन नंबर आठवा.

ट्रेनिंग विकण्यात चूक काही नाही. चांगलं शिकवणारे आहेत आणि शिकल्याशिवाय यात पडूच नये. पण जो माणूस तुम्हाला नफ्याचा तक्ता दाखवतोय, त्याचा स्वतःचा नफा लेट्यूसमधून येतो की तुमच्या फीमधून, हे माहीत असायला हवं. युनिट उभारून देणारा आणि "माल आम्हीच परत घेऊ" म्हणणारा एकच असेल तर जास्तच. महाराष्ट्राला हे नवीन नाही. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीने कडकनाथ कोंबड्यांचं असंच गणित शेतकऱ्यांना विकलं होतं. पिल्लं आमची, खाद्य आमचं, अंडी-कोंबड्या आम्हीच घेणार. परतखरेदी थांबली, शेडमध्ये कोंबड्या उपाशी राहिल्या आणि शेतकरी पोलीस ठाण्यात गेले. त्याआधी इमू येऊन गेला होता. कोंबडी खोटी नव्हती आणि इमूही नव्हता. बाजार नव्हता.

ॲक्वापोनिक्स त्या रांगेत बसवावं असं माझं म्हणणं नाही. पद्धतीचं विज्ञान पक्कं आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिथल्या तज्ज्ञांना विचारता येतं. शहराजवळ जागा, हातात दोन-तीन हॉटेलं, चोवीस तास वीज आणि रोज स्वतः टाकीजवळ थांबणारा घरचा माणूस, एवढं असेल तर ४० चौरस मीटरपासून सुरुवात करता येईल. रिसॉर्ट किंवा कृषी पर्यटन केंद्र असेल तर आणखी सोपं, कारण तिथे गिऱ्हाईक स्वतः चालत येतो आणि टाकी बघायचेही पैसे देतो. नोकरी सोडून, घर गहाण ठेवून थेट ५० लाखांचं युनिट, हे मात्र माझ्या ओळखीच्या कुणी केलं तर मी अडवेन.

कुणाचा चालू प्रकल्प बघायला जाणार असाल तर तीन कागद मागा. गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं, खाद्याच्या पावत्या, आणि ट्रेनिंगची फी वगळून मासे-भाजीच्या विक्रीची बिलं. द्यायला का-कू केली तर चहा पिऊन परत या. आणि भेट शक्यतो मे महिन्यात ठेवा. डिसेंबरात सगळ्यांचंच लेट्यूस छान दिसतं.